सुशीचे सोवळे

खवय्यांच्या एका वर्गाला अलीकडे फूड हॉलमधल्या ओमाकासेचा फार राग येतो. न्यूयॉर्कमध्ये 2016 साली बावरी मार्केट या उघड्यावरच्या खाद्यबाजारात ‘सुशी ऑन जोन्स’ हे मोजक्या स्टुलांचे काउंटर सुरू झाले. तिथला व्यवहार सरळ होता: अर्धा तास, बारा घास, पन्नास डॉलर. शेजारी सँडविचचा गाळा. ओमाकासेत काय खायचे ते गिऱ्हाईकाने ठरवायचे नाही; शेफने त्या दिवशीचा मासा पाहून एकेक निगिरी वळायची आणि आपल्या क्रमाने समोर ठेवायची. पुढे अशी काउंटरे अमेरिकेतल्या इतर शहरांतही निघाली, आणि त्यांच्या पाठोपाठ आक्षेपही निघाले. ही जागा ओमाकासेची नव्हे. अर्ध्या तासात उरकण्याची ही गोष्ट नव्हे. काउंटरमागचा माणूस दहा वर्षे कुणा उस्तादाच्या हाताखाली राबलेला नाही. या भावात चांगला मासा मिळणे शक्य नाही. तेव्हा याला ओमाकासे म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे.

हे सगळे रसिकतेच्या नावाने बोलले जाते. मला त्यात सोवळेच जास्त दिसते. सुशीचा इतिहास काढा, तिची कारागिरी तपासा किंवा तिचा जमाखर्च मांडा; हे आक्षेप कुठेच टिकत नाहीत. माझे म्हणणे तर त्याहून पुढचे आहे. ओमाकासे ही स्वभावतःच काटकसरीची पद्धत आहे. गिऱ्हाईक निवडीचा हक्क सोडते तेव्हा दुकानदाराचा खर्च उतरतो. उतरलेला खर्च गिऱ्हाईकाला परत देणारे काउंटर खोटे आणि तो आपल्या गल्ल्यात टाकणारे तेवढे खरे, हा न्याय मला मान्य नाही.

आधी जागेचे पाहू. आज आपण जिला निगिरी म्हणतो, ती भाताच्या मुदीवर माशाची तुकडी दाबून दिलेली सुशी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, रुळली. तिचे श्रेय बहुतेक वेळा हानाया योहेई (1799–1858) याला दिले जाते. त्याने ती आधी डब्यात घालून दारोदार विकली, मग गाडी लावली आणि मग र्‍योगोकू भागात दुकान थाटले. एदोच्या रस्त्यांवर अशा गाड्यांची रांग असे. माणूस कामावरून येताजाता थांबे, उभ्याउभ्या दोन-तीन नग तोंडात टाकी आणि चालू लागे. तेव्हाची मूद आजच्या दुप्पट-तिप्पट मोठी असे, कारण ती भूक भागवायला होती. महागडी सुशीही तेव्हा होती, हे मी लपवत नाही. 1840च्या दशकात तेंपो सुधारणांच्या नावाखाली सरकारने चैनीवर बडगा उगारला तेव्हा योहेईसह अनेक सुशीवाले त्यात सापडले. पण त्यामुळे एवढेच सिद्ध होते की गाडी आणि बडेजावाचे दुकान हे दोन्ही पहिल्यापासून शेजारी नांदत होते. गाड्या पुढे नाहीशा झाल्या त्या दुसऱ्या महायुद्धानंतर, सरकारने आरोग्याच्या कारणावरून त्या उठवल्या म्हणून. रसिकांनी नाकारल्यामुळे एकही गाडी बंद पडली नाही.

बरे, ज्यांना हे टीकाकार मंदिर मानतात ती दुकाने कुठे आहेत? ‘सुकियाबाशी जिरो’ हे जगातले बहुधा सर्वांत प्रसिद्ध सुशीचे दुकान. 2011 सालच्या माहितीपटाने ते घरोघरी पोहोचवले, 2014 साली ओबामा आणि आबे तिथे शेजारी बसून जेवले. ते गिंझातल्या एका कचेऱ्यांच्या इमारतीच्या तळघरात, मेट्रो स्थानकाच्या भुयारी वाटेला लागून आहे. दहा खुर्च्या, आणि स्वच्छतागृह दुकानाच्या बाहेर. न्यूयॉर्कचे ‘मासा’ 2004 साली उघडले ते कोलंबस सर्कलच्या एका मॉलच्या चौथ्या मजल्यावर; खाली कपड्यांची आणि सौंदर्यप्रसाधनांची दुकाने. तिथल्या जेवणाचा मूळ दर माणशी 700 डॉलरच्या वर गेलेला आहे. मेट्रोच्या भुयाराशेजारी आणि मॉलच्या सरकत्या जिन्यावरून चढून खाल्लेली सुशी पवित्र राहते आणि फूड हॉलमध्ये तिला विटाळ होतो, तर हा विटाळ जागेचा नाही, भावाचा आहे.

आता घाईचे. अर्धा तास कमी पडतो, शांतपणा मिळत नाही, शेफशी दोन शब्द बोलता येत नाहीत, असे म्हणतात. जिरोच्या दुकानात वीसेक नगांचे जेवण साधारण अर्ध्या तासात आटोपते, आणि ही गोष्ट त्याचे भक्तच कौतुकाने सांगतात. त्याला कारणही आहे. निगिरी वळली की तिचे घड्याळ सुरू होते. भात अंगाइतका कोमट असतो, वरची तुकडी थंड. त्या दोन तापमानांतला फरक काही क्षणच टिकतो. नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाची पातळ पट्टी, भाताच्या वाफेने सादळते. शेफने ब्रशने फिरवलेला सोया सॉस तुकडीवरून खाली उतरू लागतो. म्हणून जाणते गिऱ्हाईक नग समोर आला की गप्पा थांबवून खाते. संथपणा ही या खाण्याची अट कधीच नव्हती. वळणाऱ्या हातापासून खाणाऱ्या तोंडापर्यंतचे अंतर कमीत कमी असावे, ही आहे. चार-आठ स्टुलांच्या काउंटरवर ते अंतर हातभराचे असते. शंभर माणसांच्या आलिशान उपाहारगृहात, स्वयंपाकघरातून वेटरने ताटलीत आणलेल्या सुशीला मात्र ते वीस पावले पडते. त्याबद्दल टीकाकारांनी कधी कपाळाला आठी घातल्याचे ऐकिवात नाही.

शेफच्या तालमीचा मुद्दा जास्त गंभीर आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. भात शिजवायला तीन वर्षे, मुदी वळायला आठ, असे जपानी सुशीवाले पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. ही वर्षे खोटी नाहीत. पण त्यांत कशाकशाचा समावेश होता तेही पाहावे. पहिली काही वर्षे भांडी घासणे, फरशी पुसणे, घरपोच डबे पोचवणे यांत जात. उस्ताद मुद्दाम काही शिकवत नसे. डोळ्यांनी चोरायचे असे. ही शिकण्याची पद्धत होती, तशीच स्वस्त मजुरीचीही होती. 2015 साली उद्योजक ताकाफुमी होरिए याने ही उमेदवारी म्हणजे मूर्खपणा आहे असे जाहीरपणे म्हटले आणि जपानमध्ये गदारोळ उठला. त्याच सुमारास ओसाकातले ‘सुशी चिहारू’ हे दुकान मिशलिनच्या 2016च्या क्योतो-ओसाका मार्गदर्शिकेत ‘बिब गुरमाँ’ यादीत आले. ही यादी माफक दरात उत्तम जेवण देणाऱ्यांची. तिथल्या शेफांचे औपचारिक शिक्षण होते तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमाचे.

यावरून तीन महिन्यांत जिरो तयार होतो असे कुणी म्हणणार नाही. कोहादा हा चांदीसारखा लहान मासा मिठात किती मिनिटे आणि व्हिनेगरमध्ये किती मिनिटे ठेवायचा, हे त्याच्या चरबीवर, आकारावर आणि त्या दिवशीच्या हवेवर ठरते. ते ओळखायला वर्षेच लागतात. पण बारा नगांची ठरलेली मालिका, तेच सहा-सात मासे, दिवसाला चाळीस माणसे असा सराव असेल तर हात फार लवकर बसतो. रोज दहाच गिऱ्हाइके करणाऱ्या दुकानात उमेदवाराच्या वाट्याला मूद येणार कधी? आणि ‘दहा वर्षांची परंपरा’ म्हणताना त्या परंपरेने दाराबाहेर कुणाला ठेवले हेही आठवावे. बायकांचे हात गरम असतात, त्याने मासा बिघडतो, असे छातीठोकपणे सांगितले जाई. 2010 साली तोक्योच्या आकिहाबारा भागात ‘नादेशिको सुशी’ हे बायकांनी चालवलेले दुकान निघाले तेव्हाही हेच ऐकवले गेले. अमेरिकेतल्या सुशी काउंटरांमागे आज मेक्सिकन, चिनी, कोरियन हात मोठ्या संख्येने आहेत. फूड हॉलच्या गाळ्याला भांडवल कमी लागते, त्यामुळे अशा माणसांना स्वतःच्या नावावर सुरी चालवता येते. तालमीच्या नावाने हे दार बंद करणारे कारागिरीची राखण करतात की मक्तेदारीची, हे त्यांनीच सांगावे.

‘या भावात चांगला मासा कुठून येणार?’ या प्रश्नात दोन गैरसमज दडलेले आहेत. पहिला असा, की चांगली सुशी म्हणजे ताजा, आज सकाळी समुद्रातून काढलेला मासा. अमेरिकेत अन्न व औषध प्रशासनाची शिफारस आहे की कच्चा खायचा मासा परजीवींपासून सुरक्षित करण्यासाठी उणे 20 अंशांवर सात दिवस, किंवा उणे 35 अंशांवर घट्ट गोठवून पंधरा तास ठेवावा. काही जातींचे ट्युना आणि ठरावीक खाद्यावर वाढवलेले मासे त्यातून वगळले आहेत. हा निकष भावफलक पाहून बदलत नाही. खोल समुद्रातले ट्युना तर बोटीवरच उणे 60 अंशांपर्यंत गोठवले जातात आणि भल्याभल्या दुकानांत पोचतात. एदोच्या सुशीवाल्यांकडे बर्फच नव्हता. म्हणून त्यांनी ट्युना सोयामध्ये मुरवला, बांगड्याच्या कुळातला साबा मिठा-व्हिनेगरात घातला, समुद्री वाम शिजवून घेतली. एदोच्या सुशीची सगळी विद्या मासा राखण्यातून आणि मुरवण्यातून उभी राहिली आहे.

दुसरा गैरसमज, महाग तोच चांगला. ट्युनाच्या पोटाकडचा चरबीदार भाग, तोरो, एदोत टाकाऊ समजत. तो मुरतही नसे आणि लवकर खराब होई. त्याला प्रतिष्ठा मिळाली ती युद्धोत्तर काळात. सामनचे तर आणखी अलीकडचे. कच्चा सामन जपानी लोक खात नसत; 1980च्या दशकात नॉर्वेने आपला मत्स्यशेतीतला मासा खपवण्यासाठी मोहीम चालवली आणि मग तो सुशीवर चढला. म्हणजे कुठला मासा उंची आणि कुठला सामान्य, हे बाजाराने ठरवलेले आहे आणि बाजार ते बदलत आलेला आहे. खऱ्या जाणकाराला शेफची परीक्षा घ्यायची असेल तर तो तोरो मागत नाही; तोरोला चव निसर्गानेच दिलेली असते. तो कोहादा किंवा साबा मागतो, नाहीतर अंड्याचा तामागो. तिन्ही तुलनेने स्वस्त, आणि तिन्हींत लपायला जागा नाही. पन्नास डॉलरच्या मालिकेत हेच नग बसतात.

आता मुख्य गोष्ट, हिशेब. आपल्याकडची खानावळ राइस प्लेट स्वस्तात देऊ शकते, कारण भाजी कुठली हे गिऱ्हाईक विचारत नाही. मंडईत जी भाजी चांगली आणि पडत्या भावात मिळाली ती ताटात येते. ओमाकासेचा जमाखर्च हाच आहे. गिऱ्हाईक हवे ते मागणार असेल तर दुकानदाराला वीस-पंचवीस प्रकारचा मासा भरून ठेवावा लागतो, आणि रात्री त्यातला काही फेकावा लागतो. आठ स्टुले, ठरलेल्या वेळा, ठरलेले बारा नग, आणि पैसे आगाऊ भरून केलेले आरक्षण असे असेल तर सकाळी किती तुकड्या लागणार हे नगावर मोजता येते. वाया काही जात नाही. समजा, संध्याकाळभरात अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाच पंगती उठल्या, तर चाळीस माणसे जेवतात. उंची दुकानात दोन-दोन तासांच्या दोन पंगतींत तितक्याच खुर्च्यांवर सोळा. भाडे, पगार आणि वीज त्या सोळांच्या डोक्यावर वाटली जातात. फूड हॉलमध्ये टेबले, भांडी धुणे, सफाई, बऱ्याचदा बारसुद्धा सामाईक. एवढे खर्च गळाल्यावर भाव उतरला तर त्यात लबाडी कसली? भाव उतरला नसता तर मात्र विचारायला हवे होते.

जपानमधल्या सुशीच्या दुकानांचा अनुभवही हेच सांगतो. तिथे गिऱ्हाइकाने आवडीचे एकेक नग मागायचे किंवा दुकानाने ठरवलेला ठोक भावाचा संच घ्यायचा, अशी रीत होती, आणि संचच स्वस्त पडे. 1947 साली अन्नटंचाईमुळे उपाहारगृहांवर बंदी आली, तेव्हा तोक्योच्या सुशीवाल्यांनी सरकारकडून एक पळवाट मिळवली: गिऱ्हाइकाने एक गो, म्हणजे साधारण 150 ग्रॅम, तांदूळ आणायचा, मजुरी द्यायची आणि सुशीचे दहा नग न्यायचे. एका माणसाची सुशी म्हणजे दहाएक नग, हा हिशेब त्या टंचाईतून पक्का झाला. सगळे जेवण शेफवर सोपवण्याचा, आणि त्यासाठी हजारो येन मोजण्याचा रिवाज सुशीच्या दुकानांत सर्वत्र दिसू लागला तो 1990च्या दशकापासून. ज्या परंपरेच्या नावाने फूड हॉलला नावे ठेवली जातात, ती परंपरा अशी तीन-चार दशकांची आहे.

आणि जुन्या दुकानांतल्या ‘जिव्हाळ्या’बद्दल एक शब्द. त्या भिंतींवर माशांची नावे असत, भाव नसत. ‘आजचा दर’ एवढेच. बिल हातात पडेपर्यंत सामान्य माणसाचा घास घशात अडकलेला असे. 1958 साली योशिआकी शिराइशीने ओसाकाजवळ सरकत्या पट्ट्यावरची सुशी सुरू केली ती बीअरच्या कारखान्यातला पट्टा पाहून, आणि ती लोकांनी डोक्यावर घेतली, कारण भाव आधीच कळत होता. तेव्हाही ही सुशीची विटंबना आहे असे म्हणणारे होतेच. पट्ट्याने भीती घालवली, पण समोर वळणारा हातही दूर नेला. फूड हॉलच्या काउंटरने तो हात परत आणला, आणि भाव फळ्यावर लिहिलेलाच ठेवला. जिरोला मात्र मिशलिनने 2019 साली यादीतून वगळले. सुशी बिघडली म्हणून नव्हे. सामान्य माणसाला तिथे आरक्षणच करता येत नाही म्हणून.

टीकाकारांचे जिथे बरोबर आहे तिथे ते मान्य केलेच पाहिजे. ओमाकासे ही पाटी आज कशालाही लावली जाते. नग आधीच वळून काचेत मांडून ठेवलेले असतात. प्रत्येक तुकडीवर गॅसची ज्योत फिरवून, ट्रफलचे तेल टाकून बेचव मासा झाकला जातो. बारा नग संपत आले की ‘उनी घेणार? वाग्यू घेणार?’ अशी वरकड विक्री सुरू होते आणि पन्नासाचे ऐंशी होतात. न्यूयॉर्कमध्ये तसेही पन्नास डॉलरवर 8.875 टक्के कर आणि 20 टक्के टिप धरली तर 64 डॉलरच्या वर जातात. ही रक्कम प्रत्येकाला परवडणारी नाही. हे दोष खरे आहेत. पण आधी वळलेले नग, ज्योतीचा खेळ आणि वरकड विक्री महागड्या दुकानांतही आढळते. आक्षेप या दोषांवर घ्या, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. गाळ्यावर, स्टुलावर आणि भावावर घेतलात तर नाही.

मराठी वाचकाला हा वाद परक्या देशाचा वाटेल. पण त्यामागचा समज आपल्याकडेही आहे. मुंबईत सुशीची ओळख अनेकांना झाली ती पंचतारांकित दारातून. ताजमहाल हॉटेलात ‘वासाबी’ 2004 साली आले. तेव्हापासून सुशी म्हणजे श्रीमंतांचे खाणे, मंद दिवे आणि दबका आवाज, हे समीकरण आपल्या डोक्यात बसले. न्यू जर्सीत स्थायिक झालेली आपली माणसे नदीपलीकडे मॅनहॅटनला रोज कामाला जातात. तिथल्या एखाद्या काउंटरवर बसायची वेळ आली की त्यांच्याही मनात ‘हे खरे नसावे’ ही शंका डोकावते. ती शंका या समीकरणातून येते; जिभेला तिच्यात कुणी विचारलेले नसते.

म्हणून निकाल जिभेवर सोडावा, आणि निकष पाटीपेक्षा हाताला लावावेत. नग तुमच्यासमोर वळला जातो का? भात फ्रिजमधला नसून कोमट आहे का? सोया सॉस बुडवायला वाटी न देता शेफ स्वतः लावतो का? साबा किंवा कोहादासारखा मुरवलेला एक तरी मासा मालिकेत आहे का? आज कुठला मासा आणि तो का, याचे उत्तर शेफ देऊ शकतो का? या पाच प्रश्नांना होकार मिळाला तर ते ओमाकासे खरे, मग ते पन्नास डॉलरचे असो वा सातशेचे. नकार मिळाला तर देवदाराचे काउंटर आणि तीन महिन्यांचे आरक्षण असूनही ते खोटे.